सावकारी पाश : न पाहिलेल्या चित्रपटाचे परीक्षण

ग्रंथ न वाचता त्यावर अभिप्राय देणारे टीकाकार आपल्या वाङ्मयात अगदीच दुर्मिळ नाहीत. परंतु आपण ग्रंथ वाचलेला नाही हे प्रारंभीच सांगून टाकणारा टीकाकार आमच्या पाहण्यात नाही. तो मान आज आम्ही घेत आहो. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' या १९२५ सालच्या मूकपटाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे, आणि तो मूकपट आम्ही पाहिलेला नाही. तो आज कोणासच पाहता येण्याजोगा नाही, कारण त्याची प्रत शिल्लक नाही. असे असूनही मराठी चित्रपटाच्या इतिहासाविषयी लिहिणारा प्रत्येकजण या चित्रपटास वंदन करूनच पुढे जातो. आम्हीही तसेच करीत आलो होतो. ती सवय मोडण्यास जो प्रसंग कारण झाला तो वाचकांस आधी सांगितला पाहिजे.

बार्शीटाकळी हे आमचे मूळ गाव. अकोल्याहून वाशीमकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात या स्टेशनावर थांबते. गावात जुने हेमाडपंती देऊळ आहे आणि भोवताली वऱ्हाडची काळी, कपाशीची जमीन आहे. गेल्या पावसाळ्यात येथील काही तरुण शिक्षकांनी भरविलेल्या व्याख्यानमालेत बाबूरावांवर बोलण्याचे आम्ही कबूल केले. व्याख्यान बरे झाले, असे निदान आमचे मत होते. "इटलीच्या दिग्दर्शकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जो वास्तववाद जगास दाखविला, तो आमच्या कोल्हापूरच्या एका मिस्त्रीने वीस वर्षे आधीच दाखवून ठेवला होता," या आमच्या वाक्यास टाळ्याही पडल्या. टाळ्या ओसरल्यावर मागच्या बाजूस बसलेला एक वृद्ध शेतकरी उभा राहिला.

"थो शिनेमा तुमी पाह्यला काय, सर?"

आम्ही नाही म्हटले. का पाहता येत नाही तेही सांगितले.

"बरं. त्या मानसाचं वावर सुटलं का मंग शेवटी?"

जमीन सावकाराने घेतली आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर झाला, एवढे कथानक आम्ही सांगितले.

"म्हंजे नाई सुटलं," असे म्हणून तो खाली बसला.

त्याच्या प्रश्नात चित्रपटाविषयीचे जे कुतूहल होते ते आमच्या तासाभराच्या व्याख्यानात नव्हते, हे घरी येईपर्यंत आमच्या ध्यानी आले. आम्ही चित्रपट कोणत्या वर्षी निघाला आणि त्याने कोणास मागे टाकले याचा हिशेब करीत होतो. तो वावराचा विचार करीत होता. तेव्हा इटलीशी लावलेली शर्यत बाजूस ठेवून, या न पाहिलेल्या चित्रपटाविषयी प्रामाणिकपणे काय म्हणता येईल हे पाहण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम त्या कर्त्या पुरुषाविषयी. बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. घराणे कारागिरांचे. वडिलांच्या हाती लाकूड, लोखंड, दगड या सर्वांची विद्या होती, आणि शाळेतील चित्रकलेचे शिक्षण न घेता बाबूराव व त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी ती घरातच उचलली. मराठी रंगभूमीच्या त्या वैभवाच्या काळात नाटक मंडळ्यांस पडदे लागत. राजवाडा, अरण्य, रस्ता, चांदणे असे सर्व काही कापडावर उभे करावे लागे. या दोघा भावांनी रंगविलेल्या पडद्यांनी नाव मिळविले आणि 'पेंटर' हे आडनावच होऊन बसले. पुढे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निघाला आणि दोघांच्याही मनाने एकच ओढ घेतली.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते बाबूरावांच्या साऱ्या कलेची किल्ली तीत आहे. फाळके विलायतेस जाऊन यंत्र घेऊन आले. पेंटर बंधूंस ते शक्य नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक वापरलेले यंत्र आणले, ते खोलून पाहिले, आणि फिल्म पुढे सरकविणारे यंत्र जर असे असेल तर फिल्मवर चित्र घेणारे यंत्र कसे असावे याचा तर्क लढवीत कॅमेरा स्वतः बनविण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धेच राहिले होते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते तडीस नेले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात घडविलेला कॅमेरा चित्र घेऊ लागला. 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली ती या कॅमेऱ्याच्या जोरावर. आणि तिला आरंभीचे भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. पुढे सावकारावर चित्रपट काढणाऱ्या माणसाचा धंदा एका गाणाऱ्या बाईच्या विश्वासावर उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

ज्याने कॅमेरा दातादातांनी जुळविला त्याला वस्तूचे वजन कळते. पडदे रंगविणाऱ्या या माणसाने चित्रपटातून प्रथम पडदेच हाकून दिले, हे त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठे कृत्य होय. त्या काळच्या मूकपटांत राजवाड्याचा खांब कापडावर रंगविलेला असे. नटाचा धक्का लागला तर खांब हले. बाबूरावांनी भरीव, चहूबाजूंनी हिंडता येईल असे देखावे उभारले. पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली, प्रसंगांची मांडणी यांची रेखाचित्रे ते आधी काढून ठेवीत. कृत्रिम प्रकाश त्यांनी योजिला. पडद्यावर खोली कशी भासवावी हे ज्याला पूर्ण साधले होते, त्यालाच भासातील खोटेपणाही सर्वांच्या आधी दिसला असावा. वास्तववाद हा शब्द बाबूरावांनी कधी वापरला असेल असे वाटत नाही. त्यांचा वास्तववाद पुस्तकातून आलेला नसून सुताराच्या ओट्यावरून आलेला आहे.

पहिल्या चित्रपटांची हकीकत थोडक्यात आटोपतो. 'सैरंध्री' हा त्यांचा पहिला चित्रपट १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यास लागला. कीचकाच्या वधाचा देखावा इतका हुबेहूब साधला होता की तो पुढे कापावा लागला. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने बंदी घातल्याला तेव्हा पुरती दहा वर्षे झाली होती. तेव्हा या वधाकडे पुण्याचा प्रेक्षक निव्वळ पौराणिक दृष्टीने पाहत असेल हे संभवत नाही. लोकमान्यांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच वेळी. या चित्रपटात गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघी स्त्रियांनी कामे केली आणि त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषास करावे लागले होते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस सात वर्षांत पडलेले हे अंतर कळेल. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीची लढाई दिव्यांच्या उजेडात घेतली गेली. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांचा हा मार्ग फायद्याचा होता व पुढेही फायद्याचाच राहता.

या वाटेवर असताना १९२५ साली मध्येच 'सावकारी पाश' निघाला. कथानक नारायण हरि आपटे यांचे. यात देव नाही, राजा नाही, तलवार नाही. एक तरुण शेतकरी आहे, कर्ज आहे, कागद आहे आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाशी सावकार आहे. शेत जाते आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीच्या मजुरांत मिसळतो. शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. ते तेव्हा पंचविशीच्या आत होते आणि कंपनीत पडेल ते काम करीत होते. चित्रपट चालला नाही. बाबूराव पुन्हा पौराणिकांकडे वळले.

तो का चालला नाही याचे उत्तर सर्व पुस्तकांतून एकच मिळते : देवादिकांच्या चमत्कारांस सरावलेल्या प्रेक्षकास हे कडू औषध रुचले नाही. आम्हांस हे उत्तर अर्धेच खरे वाटते. महाराष्ट्रास हा विषय नवा मुळीच नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढून जाळली, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला निराळा कायदा करावा लागला. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आमच्या वऱ्हाडास तो दख्खनचा कायदा लागू नव्हता. येथे अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, भाव उतरला तेव्हा कर्ज मात्र उतरले नाही, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा होण्यास १९३३ साल उजाडावे लागले. तेव्हा १९२५ साली सावकारी पाश म्हणजे काय हे ज्याला समजावून द्यावे लागेल असा मराठी माणूस विरळाच होता.

मग हा चित्रपट पाहावयास येणारा प्रेक्षक कोण होता? पुण्या-मुंबईचा, जिल्ह्याच्या गावचा, तिकीट काढू शकणारा. ज्याच्यावर चित्रपट काढला होता त्या शेतकऱ्याच्या गावात चित्रपटगृह नव्हते. जो खुर्चीवर बसला होता त्याचा या व्यवहाराशी संबंध होता, पण दुसऱ्या टोकाने. कोणी वकील म्हणून ती खते लिहिली होती, कोणी कारकून म्हणून नोंदली होती, कोणाच्या मुलाचे शिक्षण त्या व्याजातून चालले होते. कीचकाचा वध पाहताना या प्रेक्षकास आपण भीमाच्या बाजूचे आहो असे वाटणे सोपे होते. 'सावकारी पाश' पाहताना आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्यास सोयीचा नव्हता. हे आमचे अनुमान आहे; पण ते दुसऱ्यांविषयी केलेले नाही, हे पुढील मजकुरावरून कळेल.

आमच्या घरी आजोबांची एक शिसवी पेटी आहे. त्या पेटीत गहाणखते आहेत, मुदतीची खरेदीखते आहेत, सवाई-दिढीच्या हिशेबाच्या वह्या आहेत. काही कागदांवर सही आहे, बहुतेकांवर अंगठा. आजोबा याच गावी सावकारी करीत. ते क्रूर नव्हते. पहाटे उठून ज्ञानेश्वरी वाचीत, दाराशी आलेल्या कुळाला पाणी पाजीत, आणि मुदत संपली की खत पुढे ठेवीत. त्यांच्याकडे आलेल्या वावरांपैकी काही वडिलांच्या वाट्यास आली आणि त्यांतील एक विकून आमचे एम्. ए. झाले. इंग्रजी वाङ्मय घेऊन आम्ही पदवी मिळविली आणि पाव शतकाहून अधिक काळ शेक्सपिअरचा शायलॉक वर्गात शिकविला. त्या इतक्या वर्षांत ती पेटी आम्हांस एकदाही आठवली नाही.

शायलॉकचे नाव येथे उगाच आलेले नाही. 'सावकारी पाश' यास इंग्रजी नाव दिले होते ते 'इंडियन शायलॉक' असे. बाबूरावांच्या वास्तववादाचे आम्ही कितीही कौतुक केले तरी या नावापाशी आम्हांस थांबावे लागते. सावकाराला खलपुरुष केला की प्रेक्षक मोकळा होतो. असा कपाळावर आठ्या घातलेला, हाताने पैसे चाचपणारा राक्षस आपण नव्हे, असे जो तो म्हणू शकतो. शेक्सपिअरने तरी शायलॉकला अपमान दिले, पळून जाणारी मुलगी दिली, आपली बाजू मांडण्यास वाणी दिली. मूकपटातील सावकाराला वाणी नव्हती, आणि मथळ्याच्या पाट्यांवर माणसाच्या दोन बाजू मावणे कठीण असते. पडदे हाकून देणाऱ्या कलावंताने देखावा भरीव केला. सावकार तितका भरीव झाला होता काय, अशी शंका हे इंग्रजी नाव आमच्या मनात उभी करते. खरी सावकारी ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या घरात चालत होती. तीच दाखविणे अवघड होते.

आता इटलीकडे येतो, कारण ज्या वाक्याला टाळ्या पडल्या त्याचा जाब देणे आम्हांस भाग आहे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. रोसेलिनी, दे सिका या इटालियन दिग्दर्शकांचे चित्रपट आपल्या लोकांनी तेथे पाहिले आणि आपल्या चित्रपटांस नवी दृष्टी आली, असे सांगण्यात येते. पुढल्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून शहरात जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा दे सिकाच्या प्रभावातून जन्मली, असे टीकाकारांनी ठरवून टाकले. गावचे शेत, सावकाराचा अगर जमीनदाराचा कागद, शहराची वाट हा सारा रस्ता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी कोल्हापूरकरांनी घातला होता याची आठवण फार थोड्यांस झाली. बाबूराव तेव्हा हयात होते.

या विस्मरणाचा राग येऊन आमच्यासारखे लोक उलट टोकास जातात आणि बाबूरावांस 'आपले दे सिका' म्हणू लागतात. त्यात आपण गौरव करतो अशी समजूत असते. वस्तुतः माप दुसऱ्याचेच राहते. आणि माप लावावयाचेच तर ते नीट लावावे. दे सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) या चित्रपटात नोकरीसाठी सायकल हवी म्हणून एक मजूर आणि त्याची बायको घरातील चादरी गहाण टाकावयास जातात. चादरी घेणारा माणूस साधा कारकून आहे. तो गठ्ठा उचलतो आणि एका उंच मांडणीवर चढू लागतो. मांडणीवर शेकडो कुटुंबांच्या चादरींचे गठ्ठे आढ्यापर्यंत रचलेले आहेत. तेथे खलपुरुष कोणीच नाही. दात खाणारा, हसणारा सावकार नाही. केवळ त्या मांडणीची उंची आहे, आणि ती पाहून काळजात चर्र होते. व्हिस्कोन्तीचा 'ला तेर्रा त्रेमा' हा त्याच वर्षीचा चित्रपट तर विषयाने आपल्या अधिक जवळचा. सिसिलीच्या कोळ्यांचे एक कुटुंब ठोक व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी घर गहाण टाकते, वादळात होडी फुटते, घर जाते. त्यात कामे करणारे खरेच त्या गावचे कोळी होते आणि आपल्याच बोलीत बोलत होते. ती बोली इतर इटालियनांसही नीट कळत नसे.

या दोन्ही चित्रपटांपुढे 'सावकारी पाश' कसा उभा राहिला असता ते सांगण्यास मूकपटाची प्रत हवी. पण एक भेद प्रत नसतानाही दिसतो. इटलीचे हे कलावंत युद्धाने मोडलेल्या देशात, भोवती घडणाऱ्या दारिद्र्याकडे कॅमेरा वळवीत होते आणि त्यांच्यामागे त्या दृष्टीचे समर्थन करणारी मासिके, पक्ष, मित्रमंडळ्या होत्या. बाबूरावांच्या मागे असे काहीच नव्हते. चमत्कार दाखवून पैसा मिळत असताना त्यांनी झोपडी दाखविली, तोटा सोसला, आणि त्याविषयी एकही सिद्धांत मांडला नाही.

ही झोपडी त्यांच्या मनातून गेली नव्हती असे मानण्यास मात्र आधार आहे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले चौघे बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साह्याने त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. घर रिते झाले. थोड्याच काळात बाबूरावही कंपनीतून बाहेर पडले. बोलपट आला, त्याविषयी त्यांस उत्साह नव्हता. येथून गुरू आणि शिष्य यांचे मार्ग कसे गेले हे पाहण्यासारखे आहे. शिष्यांनी १९३३ साली गुरूचा पहिला विषय उचलला : 'सैरंध्री'. तो रंगीत करण्यासाठी चित्रपट जर्मनीस नेला. रंग साधले नाहीत. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' काढला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या प्रदर्शनात त्याचा गौरव झाला. तुकोबांनीही कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली होती, हे येथे सहज आठवते. त्याच १९३६ साली गुरू काय करीत होता? तो 'सावकारी पाश' पुन्हा, बोलपट म्हणून काढीत होता.

जो चित्रपट एकदा बुडाला तो अकरा वर्षांनी पुन्हा काढणारा माणूस व्यवहारचतुर नसेल. पण त्याच्या मनात काय होते हे सांगण्यास दुसऱ्या साक्षीची गरज उरत नाही. हा बोलपटही आम्ही पाहिलेला नाही. पण जे. बी. एच. वाडिया यांनी त्याची आठवण लिहून ठेवली आहे. वाडिया म्हणजे मारामारीच्या आणि साहसाच्या चित्रपटांचे निर्माते. करुणरसाला सहजी भुलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांच्या स्मरणात एकच देखावा कायम राहिला होता : दूरवरून दिसणारी एक उदास झोपडी, जवळजवळ अंधारात, आणि कोठेतरी रडणारे कुत्रे. मूकपट आपल्याला अंधुकच आठवतो, बाबूराव केवढे कलावंत होते हे या बोलपटाने कळले, असेही ते म्हणतात. ज्याला ध्वनीचा उत्साह नव्हता त्याने ध्वनी वापरला तो एका कुत्र्याच्या रडण्यापुरता. गाणे नाही, संवाद नाही. आणि या देखाव्यात सावकारही नाही, हे आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. अकरा वर्षांत सावकाराचा चेहरा मागे पडून काळोख पुढे आला असेल, तर दे सिकाच्या त्या मांडणीपासून बाबूराव फार दूर नव्हते, आणि तेथे ते आपल्याच वाटेने पोचले होते. ही गोष्ट आम्ही इच्छेने म्हणत आहो, पुराव्याने नव्हे. एका माणसाच्या आठवणीवर याहून मोठी इमारत उभारू नये.

शेवटची वर्षे फारशी सुखाची दिसत नाहीत. १९४७ साली शांतारामांच्या 'राजकमल'साठी त्यांनी 'लोकशाहीर रामजोशी' हाती घेतला. तो पुरा करण्यास शांतारामांस हात घालावा लागला, आणि दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे लागली. ज्या पोराला आपण शेतकऱ्याच्या वेषात कॅमेऱ्यापुढे उभे केले त्याच्या कंपनीत काम करताना त्यांस काय वाटले असेल, ते कोणी विचारले नसावे. त्यानंतर एक-दोन चित्रपट झाले. चित्रे आणि मूर्ती यांचे काम मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. १९५४ च्या जानेवारीत ते वारले. त्यांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' (दोन्ही १९२७) यांचे अंश पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात राहिले आहेत. बोलपटांपैकी 'प्रतिभा' (१९३७) पाहता येतो, आणि देखावा उभारण्याची, प्रकाश खेळविण्याची, गर्दी हाताळण्याची त्यांची शक्ती त्यात दिसते. बाकी बहुतेक गेले. त्या वेळची फिल्म चटकन पेट घेणारी, आपोआप कुजणारी होती, आणि जुना चित्रपट जपून ठेवावयाचा असतो ही कल्पनाच कोणास नव्हती. सावकारांनी मात्र आपले कागद जपून ठेवले. आमच्या पेटीतील १९११ सालचे खत आजही स्वच्छ वाचता येते. त्याच्या मागच्या बाजूस त्या कुळाच्या वावराची चतुःसीमा लिहिली आहे : पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडरस्ता.

व्याख्यानानंतर आम्ही त्या वृद्ध शेतकऱ्याची भेट मागितली. त्याचे तीन एकर वावर कर्जापोटी खरेदीखताने दुसऱ्याच्या नावे गेले आहे. पैसे फिटले की परत लिहून देऊ, असे तोंडी ठरले होते. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे अशी जमीन परत मिळू शकते असे कोणी सांगितल्यावरून त्याने अर्ज केला आहे, आणि तो तारखांना अकोल्यास जात असतो. आम्ही त्याला आजोबांच्या पेटीविषयी सांगितले. ते सांगणे सोपे गेले नाही. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कागद जपून ठेवजा, सर. कोनाच्या तरी कामी येईन."

आणि निघताना पुन्हा वळून त्याने विचारले की, तो शिनेमा कोठे सापडलाच तर बार्शीटाकळीला आणता येईल काय. आम्ही त्याचे नाव आणि गाव लिहून घेतले आहे.